सापडले नाही म्हणजे घडले नाही काय?



मी इतिहासकार नव्हे. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तीस-एक वर्षे पुस्तके देण्याघेण्याचे काम केलेला माणूस आहे. इतिहासाचे विद्यार्थी माझ्या टेबलापाशी येत, काय हवे ते सांगत आणि मी ते शोधून देत असे. आता ते टेबल दुसऱ्याकडे गेले. परंतु माझी सवय सुटत नाही आणि विद्यार्थीही माझे घर सोडत नाहीत. आजचा विषय अशाच एका विद्यार्थिनीने माझ्या पदरात टाकला, असे म्हटले तरी चालेल.

ती एम.ए.च्या प्रबंधासाठी पुण्यातील १८९७ सालच्या प्लेगचा अभ्यास करीत होती. प्लेगच्या वेळी गोऱ्या सैनिकांकडून ज्या घरझडत्या झाल्या, तो तिच्या प्रबंधाचा मुख्य भाग. एके दिवशी ती आली आणि म्हणाली, "सर, सोल्जरांनी बायकांची अब्रू घेतली असं आपण लहानपणापासून ऐकतो. मी सगळा डेटाबेस पाहिला. काहीच सापडलं नाही. तेव्हा ते घडलंच नाही, नंतर रचलेली गोष्ट आहे, असं लिहू का?"

मी विचारले, "अगं, पाहिलंस ते कुठे? आणि शब्द कोणता घातलास?"

तिने एक परदेशी संग्रह सांगितला आणि दोन इंग्रजी शब्द सांगितले. ते दोन्ही शब्द आजच्या वर्तमानपत्रांतले होते. दुपारी जेवण झाल्यावर बसून चहाच्या वेळेपर्यंत तिचा शोध संपला होता.

तिला हसण्याचे कारण नाही. आपण सारेच आता असे शोधतो. वि. का. राजवाड्यांनी कागदांसाठी गावोगाव पायपीट केली, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे उतरवली आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड काढला. गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले, तेव्हा त्यांच्या हाताखाली माणसे बसून एकेक रुमाल सोडत होती. रुमाल म्हणजे कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे. ज्यांनी तो कधी सोडला आहे, त्यांना त्याच्या धुळीचा वास ठाऊक असेल. त्या कष्टात एक गुण होता. शंभर नकोसे कागद वाचल्यावाचून हवा तो कागद हाती येत नसे आणि त्या शंभर कागदांतूनच कळत असे की हे दप्तर कोणाचे, लिहिणारा कोण, त्याचे मालक कोण आणि तो काय लिहिणार नाही. आज शब्द टाकला की नेमका कागद पुढे येतो. शंभर कागद वाचण्याचे कष्ट वाचले, आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही वाचण्याचे राहिले.

म्हणून प्रथम हा डेटाबेस म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. जाणकारांनी थोडा धीर धरावा.

घटना घडली त्या काळात, तिच्याशी संबंध आलेल्या माणसांनी लिहिलेला, छापलेला किंवा टिपलेला जो पुरावा, त्याला आपण अस्सल साधन किंवा मूळ साधन म्हणतो. पत्र, हिशेब, सरकारी टिपण, वर्तमानपत्र, छायाचित्र, कोर्टातली जबानी. अशा साधनांची छायाचित्रे काढून, त्यांना नावे आणि तारखा लावून, शोधता येतील अशा रीतीने संगणकात ठेवली की झाला डेटाबेस. आता गंमत अशी की, आपण शब्द टाकतो तेव्हा शोध नेमका कशात होतो, हे फार थोडे लोक विचारतात. काही संग्रहांत तो फक्त सूचीत होतो. म्हणजे कोणा कारकुनाने त्या फायलीवर जो मथळा लिहिला, तेवढ्याच ओळीत. आत दोनशे पाने असोत, मथळ्यात शब्द नसेल तर ती फाईल तुमच्यापुढे यावयाची नाही. दुसऱ्या संग्रहांत यंत्राने पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखून मजकूर तयार केलेला असतो आणि शोध त्या मजकुरात होतो. हे यंत्र हुषार असले तरी त्याला पुसट शाई, आडवी सुरकुती आणि बारीक टाइप ही तिन्ही बाधतात. 'प्लेग' ह्या इंग्रजी शब्दातला 'यू' त्याला 'एन' वाटला की संपले. माणसाला ते पान स्वच्छ वाचता येते, यंत्राला ते नाहीच. हाताने लिहिलेल्या कागदांची, त्यातून मोडीची, अडचण तर ह्याहून मोठी. तेथे बहुतेक ठिकाणी अजून सूचीवरच भिस्त ठेवावी लागते.

हे ध्यानात ठेवून आपण त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. प्रश्न आपल्या गावचा आहे, आणि दिवसही हेच होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. पुढच्या काही महिन्यांत तो पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. हाच कायदा २०२० साली करोनाच्या वेळी आपल्याकडे पुन्हा वापरला गेला, हे आपणांस आठवत असेल. पुण्यासाठी सनदी नोकर रँड ह्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली आणि १३ मार्चपासून सैनिकांच्या टोळ्या घराघरांत शिरू लागल्या. त्यांत डरहॅम लाइट इन्फन्ट्री ह्या गोऱ्या पलटणीचे शिपाई होते. रोगी शोधावयाचे, त्यांना प्लेगच्या इस्पितळात धाडावयाचे, घरच्यांना वेगळ्या छावणीत न्यावयाचे, घर धुवून काढावयाचे आणि सामान जाळावयाचे, असा क्रम होता. मे महिन्यात ही मोहीम थांबली. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. इथपर्यंतचे सारे शाळेच्या पुस्तकात आहे.

ह्या तीन महिन्यांचे कागद आज कोठकोठे आहेत? एक ओघ सरकारी अहवालांचा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हिंदुस्थानातील वैद्यकाच्या इतिहासाचे छापील सरकारी अहवाल महाजालावर खुले ठेवले आहेत. तेथे प्लेगचे पुष्कळ साहित्य मिळते आणि पैसा पडत नाही. मुंबई प्लेगवरचा गॅटकरचा अहवाल, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या बंदोबस्ताचा कौचमनने जुळवलेला वृत्तांत आणि रँडच्या कमिटीचा अहवाल ही ह्या ओघातली मुख्य नावे. दुसरा ओघ हिंदुस्थान सरकारच्या दप्तराचा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' आहे, तेथे होम डिपार्टमेंटच्या फायली चाळता येतात. तिसरा विलायतच्या पार्लमेंटातील चर्चांचा. त्या 'हॅन्सार्ड'मध्ये आहेत आणि त्याही मोफत आहेत. चौथा इंग्रजी वर्तमानपत्रांचा. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे १८३८ पासूनचे अंक आणि 'मँचेस्टर गार्डियन'चे जुने अंक डेटाबेसमध्ये आले आहेत, परंतु ते वर्गणी भरणाऱ्या ग्रंथालयांतूनच पाहावे लागतात. वर्गणी इतकी की एकट्यादुकट्या अभ्यासकाने तिचा विचारही करू नये. लंडनच्या वेलकम संग्रहात मुंबईच्या प्लेगची छायाचित्रे आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथ संजीवनी' ह्या नावाने आपली दुर्मिळ पुस्तके व नियतकालिके खुली केली आहेत. आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्याच्या पुराभिलेखागारात प्लेग खात्याचे खंड आहेत. तेथे मात्र स्वतः जाऊन बसावे लागते.

आमच्या विद्यार्थिनीने ह्यांपैकी एका ओघात बोट बुडवले होते.

आता शब्दांचे पाहू. माझ्या मते शोधाची खरी विद्या इथेच आहे. तुम्ही आजचा शब्द टाकता, कागद मात्र १८९७ सालच्या कारकुनाच्या भाषेत आहे. तो 'अत्याचार' कशाला लिहील? तो 'तक्रार' लिहील. त्याच्यामागे 'कथित' हे विशेषण जोडील. तो 'झडती घेणाऱ्या टोळ्या' लिहील, 'घरोघर भेट' लिहील. 'घरोघर भेट' हा शब्द वाचून एखाद्याला वाटावे की सैनिक हळदीकुंकवाला गेले होते! गावाची आणि माणसांची नावेही त्याच्या कानाला ऐकू आली तशी. पेठांची नावे तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेली आढळतात. चाफेकर हे नाव 'एच' घालून आणि 'एच' गाळून अशा दोन्ही रीतींनी येते. म्हणून पहिला दिवस शोधण्यात घालवू नये, वाचण्यात घालवावा. त्या काळचा एखादा अहवाल सलग वाचावा, वर्तमानपत्राचे चार अंक जाहिरातींसकट वाचावेत आणि त्यांतून शब्दांची यादी करावी. मग ती यादी घेऊन डेटाबेसकडे जावे. दुसऱ्या दिवसापासून कागद कसे भराभर पुढे येतात ते पाहावे.

तारखांचेही असेच. पुण्यातले पत्र टपालाच्या बोटीने विलायतेस पोचावयास दोन-तीन आठवडे लागत. तेव्हा एप्रिलमधली तक्रार लंडनच्या कागदांत एप्रिलमध्ये शोधणारा हात हलवीत परत येतो. उलट तार केलेली बातमी दुसऱ्याच दिवशी येते, पण दोन ओळींची. आणि घरगुती मराठी कागद तिथीने व शकाने चालतात. त्या वर्षी पाडवा एप्रिलच्या आरंभी आला. म्हणजे झडत्या सुरू झाल्या शके १८१८ मध्ये आणि संपल्या शके १८१९ मध्ये. एकाच मोहिमेचे कागद दोन सालांच्या गाठोड्यांत विभागले गेले असण्याचा संभव आहे, हे ध्यानात घेतले नाही तर अर्धा भाग हातचा जातो.

आणखी एक गोष्ट फायलींबद्दल. हिंदुस्थान सरकारच्या दप्तरात कामकाजाचे वर्ग पाडलेले असत. महत्त्वाचे ते 'ए' वर्गात, कमी महत्त्वाचे 'बी' वर्गात आणि त्याहूनही किरकोळ वाटले ते 'डिपॉझिट'मध्ये. शिवाय फायलीला जोडून अधिकाऱ्यांची आपापसांतली टिपणे असत. त्यांवर 'के. डब्ल्यू.' अशी अक्षरे असतात. 'बरोबर ठेवावे' एवढाच त्याचा अर्थ. सरकारने जगाला काय सांगितले ते मुख्य फायलीत असते. सरकार स्वतःशी काय बोलले ते ह्या टिपणांत. महत्त्वाचे आणि किरकोळ ठरवणारा साहेब होता, हे विसरू नये. एखाद्या बाईची तक्रार त्याला किरकोळ वाटली असेल, तर ती किरकोळांच्या ढिगात शोधावी लागेल.

आता रँडच्या कमिटीच्या अहवालातील एका विधानाकडे येतो, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचे सरकारी उत्तर त्यात आहे. आशय असा की, कोणा स्त्रीच्या विनयाचा हेतुपुरस्सर भंग झाल्याची एकही विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे किंवा सैनिकांवरील अधिकाऱ्यांकडे आली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. वरवर वाचले तर प्रकरण संपले. पण वकील करारपत्र वाचतो तसे वाचा. 'विश्वासार्ह' तक्रार आली नाही. मग अविश्वासार्ह ठरवलेल्या किती आल्या आणि त्या कोणी ठरवल्या? 'हेतुपुरस्सर' भंग झाला नाही. मग हेतूवाचून झाला तो कोणत्या सदरात गेला? तक्रार 'कमिटीकडे किंवा अधिकाऱ्यांकडे' आली नाही; ज्या टोळीविरुद्ध तक्रार, तिच्याच वरिष्ठाकडे सदाशिव पेठेतली एखादी सोवळी बाई १८९७ साली जाऊन काय बोलणार होती, आणि कोणत्या भाषेत? मी असे म्हणत नाही की अहवाल खोटा आहे. अहवाल बहुधा आपल्या परीने खरे सांगतो. तो फक्त एवढेच सांगतो की आमच्या दारात कोणी आले नाही.

हा एक ओघ झाला. आता दुसऱ्या टोकाला मराठी वृत्तपत्रे. 'केसरी'ने आरंभी रोगनिवारणाच्या कामाला विरोध केला नव्हता, आणि हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यात टिळकांचा हात होता; हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांची समजूत निराळी असते. पुढे झडत्यांची रीत पाहून सूर बदलला. देवघरात आणि स्वयंपाकघरात बुटांसह शिरणे, माणसांना बाहेर काढून तपासणे, कामाचे सामान जाळणे ह्यांच्या तक्रारी त्या महिन्यांतील मराठी आणि इंग्रजी पत्रांत येत राहिल्या. त्यांपैकी काही पत्रांच्या फायली आज पुऱ्या मिळत नाहीत. मात्र सरकार दर आठवड्याला देशी भाषांतल्या पत्रांतील उताऱ्यांचे इंग्रजीत सार काढून अधिकाऱ्यांना पुरवीत असे. 'नेटिव्ह न्यूजपेपर रिपोर्ट' ह्या नावाने ते अहवाल ओळखले जातात आणि संशोधक त्यांवर फार विसंबतात. विसंबावे, पण जपून. ज्याने निवड केली त्याला राजद्रोहाचा वास घेण्याचा पगार मिळत होता. नळाच्या पाण्याची तक्रार त्याने गाळली असेल, आणि तिरकस विनोदाचे सरळ इंग्रजी करून ठेवले असेल.

भाषांतराने काय होते, त्याचे उदाहरण फार लांब शोधावे लागत नाही. १५ जून १८९७ च्या 'केसरी'तील मजकुराबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. लेख मराठी, पण न्यायमूर्ती स्ट्रॅची आणि बहुसंख्य ज्यूरर ह्यांच्यापुढे होते ते इंग्रजी भाषांतर. कोणत्या मराठी शब्दाचा कोणता इंग्रजी शब्द, ह्यावर कोर्टात वाद झाला. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय. निर्णय सहा विरुद्ध तीन असा पडला आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ज्यांना मूळ मराठी मिळते त्यांनी भाषांतरावर काम भागवू नये, असा ह्यातून निदान मी तरी धडा घेतला. 'केसरी'च्या जुन्या फायली पुण्यातच आहेत. रिक्षाने जाण्याचे अंतर आहे; आणि तरीही आमचे विद्यार्थी लंडनच्या संग्रहातले इंग्रजी सार उतरवून आणतात, कारण ते घरबसल्या मिळते!

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सारा पसारा मांडला, तिच्याकडे येतो. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी विलायतेत होते. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते गेले होते आणि वय अवघे एकतीस. पुण्याहून त्यांना मित्रांची पत्रे जात होती. त्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे सांगितले की सैनिकांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांतील एकीने जीव दिला. 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये हे आले. खळबळ उडाली, पार्लमेंटात प्रश्न झाले आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांच्याकडून साफ इन्कार आला. तोवर इकडे रँडचा खून झालेला. गोखले परत आले, पत्रे लिहिणाऱ्यांकडे पुरावा मागू लागले. आणि कोणीही पुढे येऊन सांगावयास तयार होईना. तेव्हा १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी गव्हर्नर, प्लेग कमिटी आणि सैनिक ह्यांची जाहीर क्षमा मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरवले आणि परकीयांनी खोटे. पुढे कित्येक वर्षे तो डाग त्यांच्या नावाला चिकटवला जात होता.

डेटाबेसमध्ये हे सारे मिळते, परंतु तुकड्यातुकड्यांनी. आरोप एका पत्रात, इन्कार हॅन्सार्डमध्ये, क्षमापत्र इंग्रजी दैनिकांत. क्षमेचा कागद ज्याच्या हाती आधी लागला तो म्हणतो, आरोप खोटा होता. आरोपाचा ज्याच्या हाती लागला तो म्हणतो, घडले होते. दोघांकडेही अस्सल साधन आहे, आणि दोघेही कागदाने सांगितले त्याहून अधिक बोलत आहेत. क्षमापत्राने सिद्ध होते ते इतकेच की गोखल्यांना आरोप शाबीत करता आला नाही, आणि जे शाबीत करता येत नाही ते परत घेण्याइतका हा मनुष्य प्रामाणिक होता. ज्या समाजात अशी गोष्ट उघड झाली तर बाईलाच घराबाहेर जाण्याची पाळी, त्या समाजात पुरावा न मिळणे म्हणजे घटना न घडणे नव्हे. त्याचप्रमाणे पुरावा मिळत नाही म्हणून ती घडलीच असेल, असेही म्हणता यावयाचे नाही. ज्या शिपायांवर आरोप, तेही कोणाचे तरी मुलगे होते. ऐकीव गोष्टीवर त्यांना दोषी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

इथे मी त्या मुलीला पंडिता रमाबाईंचे नाव सांगितले. रमाबाईंनी त्याच वर्षी 'बाँबे गार्डियन' ह्या इंग्रजी ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल उघड तक्रार केली होती. त्यांच्या शारदा सदनातील एका मुलीचा प्रश्न त्यात होता. सरकारने ती तक्रार मानली नाही. पण पाहा, बाईंनी स्वतःच्या नावाने लिहिलेला कागद अस्तित्वात आहे. मग तो तिला का सापडला नाही? कारण देशी पत्रांच्या अहवालांत तो शोधून उपयोग नाही, हे साप्ताहिक देशी पत्रांत मोडत नव्हते. सैनिकांच्या झडतीच्या शब्दांनीही तो येणार नाही, कारण त्यातली तक्रार घराबद्दल नसून इस्पितळाबद्दल होती. तिने ज्या खोलीत दिवा नेला, त्या खोलीत तो कागदच नव्हता.

छायाचित्रांबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण हल्ली ती लगेच प्रबंधात चिकटवली जातात. प्लेगच्या त्या चित्रांत स्वच्छ इस्पितळे आहेत, रांगेत उभ्या परिचारिका आहेत, झडतीला निघालेली शिस्तशीर टोळी आहे. त्या काळी असा कॅमेरा बहुधा तिकाटण्यावर मांडला जाई आणि माणसे उभी केली जात. घाईत आणि आरडाओरड्यात चित्र काढणे अवघड असे. चित्र खोटे नाही. ते ज्यांना काढून घ्यावयाचे होते, त्यांनी काय दाखवू इच्छिले त्याचा तो पुरावा आहे.

आता थोडे व्यवहाराचे. शोध करताना जवळ वही ठेवावी आणि कोणत्या संग्रहात, कोणत्या तारखेस, कोणते शब्द टाकले, काय मिळाले व काय मिळाले नाही हे टिपून ठेवावे. संग्रहाच्या पहिल्या पानावर त्यात कोणत्या सालापासूनचे काय आहे आणि मधले कोणते अंक नाहीत हे बहुधा लिहिलेले असते. ते कोणी वाचत नाही, ते वाचावे. मिळालेल्या पानाच्या मागचे आणि पुढचे पान पाहावे, कारण यंत्र नेमकी ओळ देते आणि त्या ओळीचा संदर्भ कापून टाकते. कागदाचा फाईल क्रमांक उतरवून घ्यावा, नुसता संकेतस्थळाचा पत्ता नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तिची सूची व महाजालावरच्या सेवा काही महिने बंद पडल्या. इमारत उभी, पुस्तके जागच्या जागी, आणि वाचकाला काय कोठे आहे ते समजेना. ज्यांच्या वहीत क्रमांक होते त्यांचे काम निदान अडून बसले नाही.

आणि ग्रंथपालाला विचारावे. हे मी जातभाईंची वकिली म्हणून सांगत नाही. थोडी वकिली आहेच! पण जो डेटाबेस तुमच्या महाविद्यालयाने वर्गणी भरून घेतला आहे आणि कोणी वापरत नाही, तो त्याला ठाऊक असतो. जो घेतलेला नाही, तो कोणत्या विद्यापीठात आहे तेही ठाऊक असते. शहरातल्या सार्वजनिक वाचनालयांना मिळून अशी वर्गणी भरता येणार नाही काय, हा प्रश्न मी पुष्कळ बैठकांत विचारला आहे. चहा चांगला मिळाला.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तिने ते वाक्य काढून टाकले. दोन महिन्यांनी प्रकरण घेऊन आली, तेव्हा तेथे सुमारे दीड पान होते. कोणते संग्रह पाहिले, कोणत्या शब्दांनी पाहिले, कमिटीच्या अहवालात काय म्हटले आहे आणि त्या म्हणण्याची मर्यादा काय, गोखल्यांनी काय आरोप केला आणि तो का मागे घेतला, रमाबाईंनी काय लिहिले, आणि ह्यावरून बलात्काराचा आरोप सिद्धही होत नाही व खोटाही ठरत नाही, असे सरळ लिहिले होते. खाली पेन्सिलीने तिने स्वतःसाठी एक ओळ टाकली होती: मुंबईच्या दप्तरातील प्लेग खात्याचे १८९७ चे खंड पाहावयाचे राहिले.

मी विचारले, "मग केव्हा जातेस?"

"सर, सोमवारी सकाळच्या गाडीनं," ती म्हणाली, "पण तिथं ओळखपत्राबरोबर कॉलेजचं पत्र लागतं म्हणतात. तुम्ही मसुदा करून देता का?"

मसुदा मी तेथेच करून दिला.